मॅडिसनचा संप आणि हातून निसटलेले कलम

मे १९६६. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत विद्यार्थी ठिय्या देऊन बसले होते. व्हिएतनामच्या युद्धासाठी सक्तीची लष्करभरती चालू होती. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना तिच्यातून तात्पुरती सूट मिळे, पण ती कोणाची चालू ठेवायची हे ठरवताना भरती मंडळे आता मुलाचे वर्गातले स्थान पाहू लागली होती. विद्यापीठाने हा तपशील मंडळांना पुरवू नये, एवढीच मागणी होती.

या आंदोलनाने एका गटाला विशेष अस्वस्थ केले. हे तरुण स्वतः पदव्युत्तर शिक्षण घेत होते आणि त्याच वेळी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होते. प्राध्यापक मोठ्या सभागृहात शेकडो मुलांपुढे व्याख्यान देऊन जात. मग त्याच मुलांच्या वीस-पंचवीसच्या तुकड्या या ‘टीचिंग असिस्टंट’ मंडळींच्या, म्हणजे टीएंच्या, हाती येत. शंका तेच सोडवत, निबंध तेच तपासत आणि श्रेणीही बहुधा तेच देत. आपण एखाद्याला कमी श्रेणी दिली तर तो मुलगा युद्धावर पाठवला जाईल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. ज्या कामाचे परिणाम इतके गंभीर, त्या कामाच्या अटी ठरवताना आपल्याला कोणी विचारतही नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्याच जूनमध्ये ‘टीचिंग असिस्टंट्स असोसिएशन’ स्थापन झाली. पुढे सगळे तिला टीएए म्हणू लागले.

पगार, विमा, नेमणूक हे विषय लगोलग आलेच. पण या संघटनेचा जन्म पगाराच्या भांडणातून झालेला नाही, शिकवण्याच्या जबाबदारीतून झाला आहे. हे विसरले तर पुढचा इतिहास नीट कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली सरकारी विद्यापीठे झपाट्याने वाढली. आधी युद्धावरून परतलेले सैनिक सरकारी खर्चाने शिकायला आले आणि साठच्या दशकात युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी दाराशी उभी राहिली. केंद्र सरकारचा पैसा संशोधनाकडे वाहत होता आणि प्राध्यापकाची प्रतिष्ठा संशोधनावरच ठरत होती. वर्ग वाढले, शिकवणारे कमी पडले. ही उणीव भरून काढायला पदव्युत्तर विद्यार्थी हाताशी होते. ते स्वस्तात मिळत आणि दर वर्षी नवे येत. पुढच्या सत्रात नेमणूक मिळेल की नाही, हे विभागाच्या मर्जीवर असे. ज्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करायचे, अनेकदा त्याच्याच सहीने प्रबंध मंजूर व्हायचा. अशा माणसाविरुद्ध तक्रार करायची तरी कोणाकडे?

हे सारे विस्कॉन्सिनमध्ये घडावे, यालाही कारण होते. अमेरिकेतल्या कामगार चळवळीचा इतिहास पहिल्यांदा सविस्तर लिहिला गेला तो जॉन आर. कॉमन्स या अर्थतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, याच विद्यापीठात. कामावर जखमी झालेल्या कामगाराला भरपाई देणारा कायदा या राज्याने १९११मध्ये केला आणि बेकारी विम्याचा देशातला पहिला कायदा १९३२मध्ये. त्याच १९३२ साली मॅडिसनमध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची जी संघटना निघाली, तिच्यातूनच ‘ॲफ्समी’ ही देशव्यापी युनियन उभी राहिली. पालिका आणि काउंटी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणारे पहिले राज्यही हेच, १९५९मध्ये. टीए ज्या ग्रंथालयात बसून वाचत होते, तिथल्या कपाटांत हा वारसा रचून ठेवलेला होता.

पहिली दोन-अडीच वर्षे संघटना लहानच राहिली. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी नापाम हे जाळणारे अस्त्र बनवणाऱ्या डाऊ केमिकल कंपनीच्या नोकरभरतीविरुद्ध विद्यार्थ्यांनी वाणिज्य इमारतीत धरणे धरले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. हे पाहून कॅम्पसवरची अनेक माणसे बदलली. तरीही टीएएची सभासदसंख्या खऱ्या अर्थाने वाढवली ती विधिमंडळाने. जानेवारी १९६९मध्ये एक विधेयक आले. परराज्यातून आलेल्या टीएंना शिक्षण शुल्कात मिळणारी सवलत बंद करावी, असे त्यात होते. आंदोलने करतात ती सगळी बाहेरून, विशेषतः न्यूयॉर्ककडून, आलेली पोरे, अशी अनेक आमदारांची ठाम समजूत होती आणि विधेयकामागे तो राग होता. ते मंजूर झाले असते तर कित्येकांना शिक्षण सोडून घरी जावे लागले असते. राजकारणाशी देणेघेणे नसलेले रसायनशास्त्राचे, गणिताचे टीएसुद्धा आता अर्ज भरू लागले. पुढच्याच महिन्यात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मागण्यांसाठी मोठा बहिष्कार झाला आणि राज्यपालांनी कॅम्पसवर नॅशनल गार्डचे सैनिक आणले. टीए बहुसंख्येने संघटित झाले ते या धामधुमीत.

त्या वेळचे कुलपती एडविन यंग स्वतः श्रम-अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. टीएंच्या युनियनला मान्यता देण्याची सक्ती करणारा कायदा नव्हता. यंग यांनी सरळ नकार दिला असता, तरी त्यांना कोणी कोर्टात खेचू शकले नसते. त्यांनी वेगळा मार्ग धरला. विद्यापीठ आणि टीएए यांच्यात आधी एक चौकट-करार झाला. राज्याच्या रोजगार संबंध आयोगाने मतदान घ्यावे, त्यात टीएएला बहुमत मिळाले तर विद्यापीठाने तिच्याशी वाटाघाटी कराव्यात, असे ठरले. मे १९६९मध्ये मतदान झाले आणि टीएए मोठ्या फरकाने जिंकली. यंग यांचा हा निर्णय समंजस होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्यात एक कच्चा दुवा राहिला. मान्यता कायद्यातून आली नव्हती, विद्यापीठाच्या इच्छेतून आली होती. आणि इच्छा कधीही बदलू शकते.

वाटाघाटी कित्येक महिने चालल्या. नेमणुकीची हमी, वर्गातल्या मुलांच्या संख्येवर मर्यादा, आरोग्यविमा, तक्रार निवारणाची पद्धत, अशा मागण्यांवर खडाजंगी झाली, तरी बोलणे पुढे सरकत होते. गाडे अडले ते एका कलमाशी. अभ्यासक्रम कसा आखायचा, तासाला काय आणि कसे शिकवायचे, हे ठरवताना टीए आणि विद्यार्थी या दोघांनाही अधिकाराने सहभागी करून घ्यावे, असे ते कलम होते. टीए म्हणत, वर्गात रोज आम्ही उभे असतो, मुले कुठे अडतात ते आम्हाला कळते, तरी पाठ्यक्रम ठरवताना आम्ही बाहेर. प्राध्यापकांना हे मुळीच मान्य नव्हते. काय शिकवायचे हा अध्यापकवर्गाचा अधिकार, तो वाटाघाटींच्या टेबलावर येऊच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. युद्धाच्या विरोधात विद्यार्थ्यांबरोबर चाललेले उदारमतवादी प्राध्यापकही या मुद्द्यावर विरोधात गेले. पगारवाढ मागणारा टीए त्यांना परवडत होता, शिक्षणात वाटा मागणारा परवडत नव्हता.

सोमवार, १६ मार्च १९७० रोजी संप सुरू झाला. बॅस्कम टेकडीच्या चढावर आणि इमारतींच्या दारांशी फलक घेतलेल्या टीएंच्या रांगा उभ्या राहिल्या. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे वर्ग ओस पडले. विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे संपाचा जोर कमी होता, तिथली शिकवणी बरीचशी चालूच राहिली. पदवीच्या मुलांनी मोठ्या संख्येने वर्गांवर बहिष्कार टाकला. मागणीपत्रात त्यांच्यासाठीही जागा होती, हे त्यामागचे एक कारण असणार. शहरातल्या कामगारांकडूनही मदत आली. टीमस्टर्स युनियनच्या चालकांनी पिकेटची, म्हणजे संपकऱ्यांची, रांग ओलांडायला नकार दिला, त्यामुळे कॅम्पसच्या बसगाड्या अडल्या. लांब केसांचे, युद्धविरोधी पदव्युत्तर विद्यार्थी आणि ट्रक-बस चालवणारे कामगार त्या काळच्या अमेरिकेत सहसा एका बाजूला दिसत नसत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी युद्धविरोधी विद्यार्थ्यांना भर रस्त्यात मारहाण केली, हे लक्षात घेतले म्हणजे मॅडिसनच्या बसचालकांनी काय केले, त्याचे मोल कळते.

विद्यापीठ न्यायालयात गेले. सरकारी नोकरांना संपाची मुभा नव्हती, तेव्हा संप थांबवण्याचा मनाई हुकूम निघाला. तो मोडून संप चालू राहिला, पण दंडाची टांगती तलवार आली. सुट्टीचा आठवडा मध्ये आला, पगार थांबले, सत्र संपत आले. साडेतीन आठवड्यांनी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सभासदांनी करार स्वीकारला आणि वर्ग पुन्हा सुरू झाले.

नेमणुकीची काही वर्षांची हमी, तक्रार निवारण, वर्गाच्या आकारावर मर्यादा, आरोग्यविमा, हे सारे त्या करारात आले. विद्यापीठात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या युनियनने केलेला अमेरिकेतला हा पहिला करार. पण शिक्षणाच्या आखणीत सहभाग देणारे कलम मात्र निसटले. त्याबद्दल जे शब्द करारात आले, त्यांनी कोणाचाही अधिकार बदलला नाही.

मला हा पराभव त्या करारातल्या विजयांइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर देशभर झालेल्या अशा करारांचा भर पगार, विमा, शुल्कमाफी आणि कामाचे तास यांवरच राहिला. त्या गोष्टी क्षुल्लक नाहीत. आजारी पडल्यावर दवाखान्यात जायचे की नाही याचा विचार करावा लागणाऱ्या माणसाला विमा म्हणजे काय, हे सांगायला नको. पण वर्गात काय घडावे, यावर युनियनने बोलायचे नाही, अशी जी रेघ १९७०मध्ये आखली गेली, ती पुढे फारशी हलली नाही.

कराराची शाई वाळते न वाळते तोच देशातले वातावरण आणखी पेटले. ४ मे रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. २४ ऑगस्टच्या पहाटे मॅडिसनमध्येच, लष्करासाठी गणिती संशोधन करणारे केंद्र जिथे होते त्या स्टर्लिंग हॉलबाहेर युद्धविरोधकांनी स्फोटकांनी भरलेली गाडी उडवली. त्यात लष्करी कामाशी संबंध नसलेला एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ मारला गेला. या स्फोटानंतर कॅम्पसवरच्या चळवळीचा आवेग ओसरला. टीएए टिकली, कारण तिच्याकडे सभासदांच्या वर्गण्या होत्या, तक्रारींची रोजची कामे होती आणि एक लेखी करार होता. १९७४मध्ये ती ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स’ या शिक्षकांच्या राष्ट्रीय महासंघाशी जोडली गेली.

तोवर मॅडिसनची वाट इतरांनी धरली होती. मिशिगन विद्यापीठातल्या टीएंनी १९७५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महिनाभर संप करून पहिला करार मिळवला. तिथे आणि मॅडिसनमध्ये एक मोठा फरक होता. अमेरिकेचा १९३५चा राष्ट्रीय श्रमसंबंध कायदा खासगी मालकांना लागू होतो, राज्य सरकारांना होत नाही. त्यामुळे सरकारी विद्यापीठातल्या टीएंचे हक्क त्यांचे राज्य ठरवते. एका राज्यात टीए कर्मचारी, तर शेजारच्या राज्यात तेच काम करणारा केवळ विद्यार्थी. नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात तर सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामूहिक करारांवरच १९५९पासून बंदी आहे. मिशिगनच्या टीएंना राज्याच्या कायद्याचा आधार होता. मॅडिसनचा करार मात्र अजूनही विद्यापीठाच्या मर्जीवरच उभा होता.

ती मर्जी १९८०मध्ये संपली. पैशांची ओढाताण होती, यंग यांच्या जागी आलेल्या प्रशासनाला युनियनचे बंधन नको होते, आणि कराराचे नूतनीकरण झाले नाही. वसंत सत्रात टीए पुन्हा संपावर गेले. पाच आठवडे झाले, पण या वेळी १९७०ची हवा नव्हती. पदवीच्या मुलांना पदवी हवी होती, नोकऱ्या आटल्या होत्या. संप करार न मिळवताच संपला आणि विद्यापीठाने मान्यता काढून घेतली. चौदा वर्षांची संघटना एका निर्णयाने कागदावरून नाहीशी झाली.

पुढची पाच वर्षे टीएएने आपला मोर्चा विधिमंडळाकडे वळवला. स्टेट स्ट्रीट नावाचा जेमतेम मैलभराचा रस्ता कॅम्पसपासून थेट कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, घुमटापर्यंत जातो. त्या रस्त्यावरून आता मोर्चांऐवजी निवेदने घेतलेले टीए ये-जा करू लागले. आमदारांना भेटायचे, समित्यांपुढे साक्षी द्यायच्या, निवडणुकीत काम करायचे, अशा चिकाटीच्या आणि कंटाळवाण्या कामातून १९८५चा कायदा आला. टीएंना राज्य कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटींच्या कायद्यात स्थान मिळाले. यंग यांच्या काळी राहिलेला कच्चा दुवा असा पक्का झाला. पुढची पंचवीस वर्षे करार होत राहिले. २००४च्या एप्रिलमध्ये आरोग्यविम्याच्या हप्त्यावरून दोन दिवसांचे काम बंद आंदोलन झाले, तेवढाच काय तो मोठा खटका.

कायद्याने दिलेले कायदाच काढून घेऊ शकतो, हे २०११मध्ये दिसले. ११ फेब्रुवारीला, म्हणजे कैरोत होस्नी मुबारक पायउतार झाले त्याच दिवशी, विस्कॉन्सिनचे नवे राज्यपाल स्कॉट वॉकर यांनी एक विधेयक पुढे आणले. सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियननी फक्त मूळ पगारावर बोलावे, त्यातली वाढही महागाई दरापेक्षा जास्त असू नये, वर्गणी पगारातून कापली जाऊ नये आणि दर वर्षी मतदान घेऊन युनियनने आपले अस्तित्व पुन्हा सिद्ध करावे, असे त्यात होते. त्या मतदानातही आलेल्या मतांचे नव्हे, तर एकूण कर्मचाऱ्यांचे बहुमत हवे. पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान तेवढे वगळले होते.

टीएएने १४ फेब्रुवारीसाठी आधीच एक कार्यक्रम ठरवला होता. विद्यापीठाच्या निधीतली कपात थांबवा, असे सांगणारी व्हॅलेंटाइनची भेटकार्डे राज्यपालांना द्यायची. विधेयक आले आणि तो साधा कार्यक्रम कॅपिटॉलवरचा पहिला मोठा मोर्चा ठरला. दुसऱ्या दिवशी वित्त समितीपुढे जनसुनावणी होती. बोलायला रांगेत माणूस आहे तोवर सुनावणी चालते आणि सुनावणी चालू आहे तोवर इमारत उघडी राहते, हे टीएएच्या लोकांनी ओळखले. माणसांमागून माणसे नावे नोंदवत गेली. प्रत्येकाला दोन मिनिटे. रात्र सरली, रिपब्लिकन सदस्य उठून गेले, डेमोक्रॅट सदस्य ऐकत बसले आणि शेकडो लोक संगमरवरी फरशीवर पथाऱ्या टाकून तिथेच झोपले. कॅपिटॉलमधला ठिय्या सुरू झाला तो असा.

पुढचे अडीच-तीन आठवडे टीएएच्या स्वयंसेवकांनी त्या इमारतीत अन्नाची, झोपण्याची, औषधांची, माहितीची व्यवस्था लावली. स्टेट स्ट्रीटवरच्या इयन्स पिझ्झामध्ये देशोदेशींहून, इजिप्तमधूनसुद्धा, फोन येत. पैसे आम्ही भरतो, पिझ्झा आंदोलकांना द्या, असा निरोप असे. विधेयकातून सूट मिळालेले अग्निशमन दलाचे जवान बॅगपाइप वाजवत मोर्चात आले. १७ फेब्रुवारीला राज्य सिनेटमधले चौदा डेमोक्रॅट सदस्य, गणपूर्ती होऊ नये म्हणून, शेजारच्या इलिनॉयला निघून गेले. शनिवारच्या सभांना लाखाच्या आसपास माणसे जमल्याचे अंदाज आहेत, आणि मॅडिसनची लोकसंख्या तेव्हा अडीच लाखांच्या आतच होती.

तरीही विधेयक मंजूर झाले. ११ मार्चला वॉकर यांनी सही केली. ‘ॲक्ट टेन’ या नावाने तो कायदा ओळखला जातो. त्यानंतर टीएएपुढे एक अवघड निर्णय होता. दर वर्षी मतदान लढवून फक्त मूळ पगाराबद्दल बोलण्याचा अधिकार टिकवायचा, की अधिकृत मान्यता सोडून द्यायची? २०११च्या ऑगस्टमध्ये सभासदांनी मान्यता न मागण्याचा निर्णय घेतला. काहींना ती शरणागती वाटली. मला तसे वाटत नाही. पोकळ हक्काच्या देखभालीत सारी ताकद घालवण्यात अर्थ नव्हता, आणि मान्यतेशिवाय संघटना चालवणे टीएए १९६६ ते १९६९ आणि १९८० ते १९८५ या दोन काळांत शिकली होती. अर्थात किंमत मोजावी लागली. करार गेला, वर्गण्या आटल्या, सभासद घटले. २०१२च्या जूनमध्ये वॉकर यांना परत बोलावण्यासाठी निवडणूक झाली, तीही ते जिंकले.

मॅडिसनमध्ये दार बंद होत असताना पश्चिम किनाऱ्यावर ते उघडत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीएंनी १९८०च्या दशकापासून झगडून, १९९८च्या डिसेंबरात एकाच वेळी अनेक कॅम्पसवर संप करून, अखेर २०००मध्ये पहिला करार मिळवला. संशोधन साहाय्यकांना तिथे हा हक्क मिळायला २०१७चा कायदा यावा लागला. आणि १४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या विद्यापीठाच्या सर्व दहा कॅम्पसवर सुमारे ४८,००० जण संपावर गेले. अमेरिकेच्या उच्च शिक्षणातला हा सर्वांत मोठा संप. वर्षाला साधारण २३,००० डॉलरपासून सुरू होणारा टीएंचा पगार करारामुळे दोन वर्षांत ३४,००० डॉलरपर्यंत नेण्याचे ठरले. मागणी होती ५४,००० डॉलरची. त्यामुळे मतदान करणाऱ्या टीएंपैकी ६२ टक्क्यांच्या आसपास लोकांनीच करार मान्य केला. घरभाड्याने कंबरडे मोडलेल्या सांता क्रूझमध्ये तर बहुसंख्यांनी विरोधात मत दिले.

या टप्प्यावर ही गोष्ट आपल्याकडच्या घरांपर्यंत येते. पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपुरातून पीएच.डी.साठी अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींचा खर्च बहुधा याच असिस्टंटशिपवर चालतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि कॅम्पसबाहेर सहजी कामही करता येत नाही. म्हणजे टीएचा पगार हाच त्यांचा एकमेव आधार. परदेशी विद्यार्थ्यांकडून घेतले जाणारे जादा शुल्क पूर्ण माफ करावे, ही २०२२च्या संपातली मागणी त्यांच्यासाठीच होती आणि ती मान्य झाली नाही. नेमणूक गेली की शुल्कमाफी जाते आणि तिच्याबरोबर व्हिसाही धोक्यात येतो. परदेशी टीएला संपात उतरताना वाटणारी भीती त्याच्या अमेरिकी सहकाऱ्याच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठी असते.

मॅडिसनमध्ये टीएए आजही आहे. सभा घेते, पगारासाठी आणि टीएंकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कांविरुद्ध मोहिमा चालवते, पण विद्यापीठ तिच्याशी करार करायला बांधलेले नाही. डिसेंबर २०२४मध्ये, मॅडिसन ज्यात येते त्या डेन काउंटीच्या न्यायाधीशांनी ॲक्ट टेनमधली बहुतेक बंधने राज्यघटनेविरुद्ध ठरवली. पोलीस आणि अग्निशमन दलाला एक न्याय आणि इतर कर्मचाऱ्यांना दुसरा, हे त्यांना समर्थनीय वाटले नाही. निकालाला लगेच अपिलात आव्हान दिले गेले.